तारेबाईंचं मत मागवा

मी उज्जैनच्या विद्यापीठात गणित विभागात भृत्य होते. चपराशी म्हणा, मला राग नाही. सरकारी कागदावर भृत्य लिहितात. हाक मारताना मराठी माणसं मावशी म्हणत आणि हिंदी माणसं अम्मा. "ओ बाई" म्हणणारेही होते. त्यांचा चहा मी जरा निवला की नेत असे.

मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, नोकरीतलं लिहा, लोक आवडीनं वाचतात. लोक काय आवडीनं वाचतात ते मला ठाऊक नाही. माझी शाळा पाचवीपर्यंत झाली. पण एक गोष्ट आहे जी माझ्याशिवाय कुणी सरळ सांगणार नाही, कारण बाकीचे सगळे तिच्यात अडकलेले होते. मी ट्रे धरून उभी होते.

आधी कामाचं सांगते. सकाळी कुलपं उघडायची, खोल्या झाडायच्या, पाणी भरायचं, डाक वाटायची, चहा आणायचा आणि फळे पुसायचे. बाकीच्या विभागांत फळा असतो तो शोभेला. गणितात फळा म्हणजे देव. कोपऱ्यात कुणी "पुसू नका" लिहिलं असेल तर हात लावायचा नाही, हा नियम. एक सर असंच लिहून वर्षभरासाठी परदेशी गेले. दिवाळीची सफाई झाली, रंगरंगोटी झाली, त्यांचा फळा तसाच. त्यावर गांधीलमाशीनं घर केलं. सर परत आले, फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, हे चूक आहे." मला वाटलं गांधीलमाशीचं घर. ते गणिताबद्दल बोलत होते.

बाहेरची गिऱ्हाइकंही असत. देवास गेटकडून एक गृहस्थ दर महिन्याला कागदांची गुंडाळी घेऊन येत. नुसत्या पट्टी-कंपासनं कोनाचे तीन सारखे भाग करण्याची युक्ती त्यांना सापडली होती. ती सापडू शकत नाही हे म्हणे फार पूर्वी सिद्ध झालंय, पण त्यांना ते कुणी सांगायचं? ते काम माझ्याकडे. मी सांगे, "भाऊ, मला तीन मुलगे. भाकरीचे तीन सारखे भाग मला आजवर जमले नाहीत. तुम्ही घरी जा." ते जात. पुढच्या महिन्यात येत.

माझ्या नावाचंही आत्ताच सांगून टाकते, पुढे लागेल. माहेरी मी यमुना. लग्नात मंगला झाले. नवरा विद्यापीठात होता, तो गेला तेव्हा त्याच्या जागी मला घेतलं. वयाचा दाखला शाळेचा लागला, त्यावर यमुना होतं. म्हणून सेवापुस्तिकेत यमुना चढलं, घरी मंगला राहिलं. जन्मभर पगार यमुनेनं घेतला आणि बोलणी मंगलेनं खाल्ली.

आता सुनंदाचं.

सुनंदा तारे आमच्या विभागात शिकायला आली तेव्हा दोन वेण्या घालत असे. ती गेम थिअरी करते असं मी ऐकलं. मी समजले खो-खो. एकदा खेळ विभागाची व्हॉलीबॉलची जाळी चुकून आमच्याकडे आली, ती मी नीट घडी करून तिच्या टेबलावर ठेवली. ती हसली नाही. मला खुर्ची दिली आणि सांगितलं, "मावशी, दोन माणसं असतात. एकानं काय करायचं हे दुसरा काय करेल त्यावर ठरतं, आणि दुसऱ्याचं पहिल्यावर. दोघंही शहाणे असले तर काय होईल, ते आम्ही मोजतो."

मी म्हटलं, "ते तर जावा-जावांत रोज होतं."

"तेच," ती म्हणाली.

तिनं आणि तिच्या गाइड सरांनी मिळून काही पेपर लिहिले. पेपर म्हणजे रोजचा नव्हे. मोठ्या मासिकात छापलेला अभ्यासाचा लेख. त्यावर नाव एस. तारे. मग गाइड सर वारले, आणि सुनंदाचं लग्न ठरलं. फ्रीगंजमधले राजवाडे, मुलगा बँकेत. आम्ही विभागातले सगळे जेवायला गेलो होतो. तिच्याबरोबर शिकणारे सक्सेना सर, तेव्हा नुसते सक्सेना, तेही होते. विधी चालू असताना ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिलं. मैथिली. सक्सेना ताटाला चिकटून उभे होते. "वाह, नाम तो बढ़िया है," म्हणाले आणि जिलबीकडे गेले. हे लक्षात ठेवा.

त्या दिवसापासून सुनंदा तारे संपली आणि डॉ. मैथिली राजवाडे सुरू झाली. आमच्याच विभागात शिकवायला लागली. पुढचे पेपर एम. राजवाडे या नावानं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

पुष्कळ वर्षं गेली. दुबे सर आमचे विभागाध्यक्ष झाले. ते बाहेरून आलेले, त्यांना जुनं काही माहीत नव्हतं. भला माणूस, पण सही आधी करायचे आणि वाचायचे नंतर. बहुतेक वेळा नंतर येतच नसे. ते निवृत्त व्हायला आले तेव्हा प्रोफेसरची एक जागा निघाली. जो प्रोफेसर होईल तोच विभागाध्यक्ष. उमेदवार दोन, आमच्या राजवाडे मॅडम आणि सक्सेना सर. मॅडमची ही शेवटची संधी होती. हुकली असती तर निवृत्तीपर्यंत सक्सेना सरांकडे सुट्टीचा अर्ज घेऊन उभं राहावं लागलं असतं. ते अर्ज मीच आत नेले असते, म्हणून मला त्यात रस होता. सक्सेना सर "ओ बाई"वाल्यांपैकी होते.

पूर्वी अशा वेळी कोण कोणाच्या घरी फळांची टोपली घेऊन गेलं ते बघत. आता नवीन पद्धत आली. ग्रंथालयातले चौहान साहेब संगणकावरून मोजून सांगणार, कोण किती मोठं. चौहान पोटानं मोठे, स्वभावानं सरळ. पोहे-जिलबी समोर ठेवली की काहीही समजावून सांगत.

"देखो अम्मा," ते म्हणाले, "कोई पेपर लिखता है तो आखिर में लिखता है कि मैंने किस-किस का पढ़के लिखा। जिसका नाम जितनी बार आया, वो उतना बड़ा।"

"आणि कुणी कुठल्याकुठे आलतूफालतू नाव घातलं तर?"

"मशीन नहीं पूछती।"

मग म्हणाले, नुसतं एवढंही नाही, आणखी एक आकडा असतो. तो मला समजायला दुसरी प्लेट लागली. माझ्या भाषेत सांगते. समजा मी पुष्कळ प्रकारची लोणची घातली. त्यातली दहा अशी निघाली की प्रत्येक लोणचं निदान दहा घरांनी मागून नेलं, तर माझा आकडा दहा. एकच लोणचं सगळ्या उज्जैननं नेलं आणि बाकीच्यांना बुरशी आली, तर आकडा एक. पद्धत वाईट नाही. फक्त लोणचं ज्यांनी नेलं त्यांनी ते खाल्लं की नाही, हे कळत नाही.

चौहान साहेबांनी मोठा नकाशा छापून आमच्या बोळात लावला. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. ज्यांनी बरोबर बसून पेपर लिहिले त्यांच्यामध्ये रेघ. सक्सेना सर मधोमध, बटाट्याएवढे, आणि चारी बाजूंना कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. त्यांची रीत मला झेरॉक्स आणताना कळली होती. तुम्ही माझं नाव घाला, मी तुमचं घालतो. एकेका पेपरावर इतकी नावं की मला वाटे वर्गणीची यादी आहे. आणि शेवटी कुणाकुणाचं वाचून लिहिलं त्यात पहिले ते स्वतः.

मॅडमचा ठिपका वाटाण्याएवढा, कडेला. आणि लांब दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक ठिपका होता, एस. तारे. त्याला एकच रेघ, वारलेल्या गाइड सरांकडे जाणारी.

मॅडम नकाशासमोर उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "मावशी, ही बघा मी. आणि तिकडे ती पण मीच."

"मग मधे रेघ का नाही?"

"आमची ओळख नाही."

आकडेही खाली छापले होते. सक्सेना चौदा. राजवाडे आठ. तारे सहा, पण तिनं लिहिलेच सहा. त्यातला एकच पेपर इतक्या लोकांनी वापरला होता की राजवाडेबाईंचे सगळे मिळूनही तितके होत नव्हते. जगात कुठेकुठे लोक अजून तारेबाईंचं नाव घेत होते. राजवाडेबाईंना विचारायला फक्त परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे येत होते.

मी म्हटलं, "सांगा ना चौहान साहेबांना, दोघी एकच आहेत."

"सांगते," त्या म्हणाल्या. आणि परीक्षेच्या गडबडीत राहून गेलं. हुशार माणसांचं असंच. सोपं काम उद्यावर टाकतात, कारण ते सोपं असतं.

आठवड्यात डाक आली. त्यात जाड पाकीट, गोपनीय म्हणून शिक्का मारलेलं. डॉ. एस. तारे, गणित विभाग. मी ते मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि डाकवही पुढे केली. त्यांनी सवयीनं राजवाडे सही केली. मी म्हटलं, "पाकीट ज्याच्या नावाचं, सही त्याची. नियम आहे." त्यांनी ती खोडली आणि एस. तारे लिहायला गेल्या. हात अडला. वळण विसरल्या होत्या.

पाकीट फोडून वाचता वाचता त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. विद्यापीठानं लिहिलं होतं की डॉ. तारे यांनी डॉ. राजवाडे यांच्या कामाबद्दल आपलं निःपक्षपाती मत कळवावं. कारण मशीनप्रमाणे राजवाडेबाईंच्या कामाच्या सगळ्यात जवळचं काम जगात तारेबाईंचंच होतं. आणि राजवाडेबाईंनी जवळजवळ प्रत्येक पेपरात तारेबाईंचं नाव घेतलं होतं. घेणारच. स्वतःच्याच पायावर पुढचं बांधलं होतं.

मग त्यांनी खालचा कागद काढला. त्यात प्रश्न होते. एक असा, की डॉ. राजवाडे यांचं काम पुष्कळसं डॉ. तारे यांच्या आधारावर उभं दिसतं, तर त्यात त्यांचं स्वतःचं नवीन काय आहे?

हसणं थांबलं.

"मावशी, ती माझ्यापेक्षा मोठी आहे."

"वयानं तर लहानच आहे," मी म्हटलं.

"तिच्याकडे वेळ होता हो. सकाळी उठली की गणित. माझी सकाळ कशी जाते तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. मुलांचे डबे, माईंचं खुब्याचं मोडलेलं हाड, त्यांची मालिश, मग धावत विभागात. माई म्हणजे त्यांच्या सासूबाई. आणखी कुणी असती तर पाठीवर हात ठेवला असता. मला ते जमत नाही. मी विचारलं, "चहा आणू?"

"आणा," त्या म्हणाल्या. "आणि येताना विचारून या, तारेबाईंचं नाव सुचवलं कुणी."

ते काही अवघड नव्हतं. पाकीट ज्या कचेरीतून आलं तिथला भृत्य रामदयाल आणि मी एकाच टपरीवर चहा भरून घेत असू. त्यानं सांगितलं, "सक्सेना साब खुद आए थे। बोले, राजवाडे मैडम के काम की असली जानकार तो डॉक्टर तारे हैं। दुबे साब ने साइन कर दी।"

अक्षता टाकून, जिलबी खाऊन गेलेला माणूस.

मी येऊन सांगितल्यावर मॅडमनी फळ्यावर चार घरं आखली. मला म्हणाल्या, "हे पुसू नका." मग स्वतःशीच बोलावं तसं बोलल्या. "मी तारे म्हणून मत लिहिलं आणि कुणाला कळलं नाही, तर माझा फायदा. पण त्याला ठाऊक आहे, म्हणजे तो बैठकीत उघड करणार. मग मी लबाड ठरते, नोकरीवर येतं. मत लिहिलंच नाही, तर तज्ज्ञाचं मत नाही म्हणून माझी फाईल अपुरी. तो न हलता जिंकतो. दोन्हीकडे मीच हरते." थोड्या वेळानं म्हणाल्या, "चांगला खेळलाय. त्याच्या एकाही पेपरात इतकं डोकं दिसलं नव्हतं."

मी सल्ला दिला, "मोघम लिहा ना. 'काम बरं आहे, बाई कष्टाळू आहे.' खाली सहीच्या जागी अंगठा."

"मावशी, तुम्ही चहाच आणा," त्या म्हणाल्या. मग चारही घरं त्यांनी स्वतः पुसली. "या पटावर खेळायचंच नाही. दोन्ही ठिपके एक करून घ्यायचे, आणि बैठकीत मीच सांगायचं."

चौहान साहेबांना मान्य होतं, पण त्यांना कागद हवा. नाव बदलल्याचं शपथपत्र मॅडमच्या फायलीत होतं. ती फाईल कसल्याशा तपासणीसाठी भोपाळला गेली होती. भोपाळला गेलेली फाईल माहेरी गेलेल्या सुनेसारखी असते, तिच्या मर्जीनं येते. तेव्हा नवीन शपथपत्र करायचं ठरलं. सासरचं एक मोठं माणूस आणि विभागातला एक साक्षीदार, ज्यानं दोन्ही नावांची बाई पाहिली आहे. नवरा बँकेच्या कामानं बाहेरगावी, बैठक दोन दिवसांवर. उरल्या माई आणि मी.

माईंना रिक्षातून आणलं. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत, पण आवाज असा की टावर चौकात उभं राहून बोलल्या तर देवास गेटला ऐकू जावं. शपथपत्र करणारे व्यासजी चष्मा पुसत म्हणाले, "माताजी, ये आपकी बहू हैं?"

"मग कोणाची असणार?"

"शादी के पहले इनका नाम सुनंदा था?"

"आमच्या घरात सुनंदा एकच. मी."

व्यासजींनी पेन थांबवलं. "और ये?"

"ही मैथिली."

"जी, पर शादी के पहले?"

"लग्नाआधी ती आमच्या घरात नव्हती. मी कसं सांगू?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "माई, अहो नाव का बदललंत ते सांगा ना त्यांना."

"ते विचारतायत का? ते मला विचारा. घरात दोन सुनंदा झाल्या असत्या की. दारात कुणी हाक मारली तर दोघी उठायच्या. नाहीतर, ती उठेल म्हणून मी बसायची आणि मी उठेन म्हणून ती. दार उघडायचं कुणी?"

मॅडमनी डोकं वर केलं. "माई, हे तुम्ही आधी बोलला असता तर मी यावर पेपर लिहिला असता."

"तू विचारलं कधी?"

व्यासजी लिहू लागले. "ठीक है। तो आप, माताजी, जन्म से सुनंदा..."

"नाही हो. जन्मानं मी भीमा. सुनंदा आमच्या सासूबाईंनी ठेवलं."

व्यासजींनी खोडलं. माझ्याकडे वळले. "अम्मा, आपका आधार कार्ड?" मी दिलं. त्यावर मंगला. मग विद्यापीठाचं ओळखपत्र मागितलं. त्यावर यमुना. त्यांनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली, आम्हा तिघींकडे पाहिलं आणि हात जोडले.

"तीनों में से कोई एक तो अपने नाम की निकलो!"

माईंना त्यांची दया आली असावी. विचारलं, "तुमच्या बायकोचं नाव काय?"

"रेखा।"

"तुमची आई काय म्हणते तिला?"

"बहू।"

"आणि तुम्ही?"

व्यासजी जरा लाजले. "अजी, सुनो... ऐसे ही।"

"म्हणजे तिच्याकडे तर एकही उरलं नाही," माई म्हणाल्या. "मारा शिक्का."

त्यांनी मारला.

बैठकीच्या दिवशी मी ट्रेवर कचोऱ्या मांडून आत गेले आणि भिंतीशी उभी राहिले. बाहेरगावचे दोन तज्ज्ञ, दुबे सर, कोपऱ्यात चौहान साहेब मशीन घेऊन, पडद्यावर नकाशा. दोन्ही उमेदवारांना आकडे दाखवायला आत बोलावलं होतं. तज्ज्ञांतले एक म्हातारे गृहस्थ होते, कानात यंत्र, बोटाला खडूचा डाग. निवृत्त होऊनही ज्याच्या बोटाला खडू आहे, त्याला मी पहिली कचोरी देते.

ते म्हणाले, "डॉक्टर तारे का मत नहीं आया?"

सक्सेना सरांनी खेदानं मान हलवली. "बड़े अफ़सोस की बात है सर। उनके मत के बिना मैडम की फाइल अधूरी रहेगी।"

मॅडम म्हणाल्या, "मत नहीं आया सर, डॉक्टर तारे खुद आई हैं।"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मॅडमनी शपथपत्र पुढे ठेवलं. "सामने बैठी हैं। बहुत साल से इसी कमरे के बगल में बैठती हैं।"

दुबे सरांनी कागद हातात घेतला आणि पहिल्यांदाच सही करण्याआधी वाचला. म्हातारे तज्ज्ञ हसायला लागले. "अरे, वो पेपर आपका है? मैं तो बरसों से पढ़ा रहा हूँ। मैं समझा लिखने वाला कोई बूढ़ा होगा।"

चौहान साहेबांनी बटण दाबलं. पडद्यावर कोपऱ्यातला ठिपका सरकत आला आणि वाटाण्यात मिसळला. खालचा आकडा आठाचा तेरा झाला.

सक्सेना सरांचा चौदा होता. पण तेरा आणि चौदा फार जवळ. त्यांच्या हातात कचोरी होती, ती त्यांनी खाली ठेवली. तिथेच थांबले असते तर जिंकले असते. पण माणूस जिंकत असला की त्याला अजून थोडं जिंकावंसं वाटतं.

"सर," ते उठून म्हणाले, "अगर दोनों एक ही हैं, तो मैडम ने इतने साल अपना ही नाम लिया है! अपने मुँह मियाँ मिट्ठू! ये सब कटना चाहिए। नियम तो नियम है।"

म्हातारे म्हणाले, "बात सही है। चौहान जी, काटिए।"

चौहान साहेब घुटमळले. "काट दूँगा सर। पर मशीन में बटन एक ही है। अपना लिया हुआ नाम कटेगा, और साथ में लिखने वालों का लिया हुआ भी, उनकी लकीरें भी। सबका कटेगा।"

"सबका काटिए।"

मी सक्सेना सरांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना कळलं होतं, पण आता बसता येत नव्हतं. बटण दाबलं. मॅडमचे तेराचे अकरा झाले. पडद्यावरचं कोळ्याचं जाळं रेघेरेघेनं विझत गेलं, दिवाळी संपल्यावर माळा काढाव्यात तसं. बटाटा बोराच्या बीएवढा झाला. चौदाचे पाच.

म्हाताऱ्यांनी कानातलं यंत्र नीट केलं आणि म्हणाले, "सक्सेना साहब, आपका सबसे वफ़ादार पाठक तो आप ही निकले।"

मी म्हटलं, "साहेब, कचोरी गार होतेय." सक्सेना सरांनी खाल्ली नाही. ती रामदयालनं खाल्ली.

जागा मॅडमना मिळाली. नुसत्या आकड्यांवर नव्हे, नंतर मुलाखतही झाली, ती मी ऐकली नाही. एक मात्र पाहिलं. बैठक संपल्यावर चौहान साहेबांनी गंमत म्हणून सालवार पट्टी काढून दाखवली, कोणत्या वर्षी मॅडमनी किती लिहिलं त्याची. तारेबाईंची वर्षं उंच. मग लग्नानंतरची कितीतरी वर्षं कोरी. मग राजवाडेबाईंची बारीक बारीक. मॅडमनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "चौहान जी, यहाँ के लिए कोई बटन है?" ते म्हणाले, "नहीं मैडम।" त्या म्हणाल्या, "मालूम था," आणि वर्गावर गेल्या. त्यांचा तास होता.

नेमणुकीच्या कागदावर विद्यापीठानं भीतभीत लिहिलं, डॉ. मैथिली राजवाडे उर्फ सुनंदा तारे. गावातल्या रोजच्या पेपराला एवढी जागा नव्हती. त्यांनी दोन्हीतलं थोडं थोडं घेतलं आणि छापलं, "डॉ. सुनंदा राजवाडे गणित विभागाच्या अध्यक्ष."

त्या दिवशी संध्याकाळी मॅडमच्या फायलींचा गठ्ठा पोचवायला मी त्यांच्याबरोबर घरी गेले. बाहेरच्या खोलीत माई खुर्चीत बसल्या होत्या. गळ्यात तीन हार, मांडीवर पेढ्यांचा डबा, कपाळाला हे एवढं कुंकू. गल्लीत सुनंदा राजवाडे म्हणजे माई, हे लहान पोरालाही ठाऊक. दुपारभर माणसं येऊन हार घालून गेली होती. शेजारच्या गुप्ताबाई म्हणाल्या म्हणे, "माताजी, इस उमर में! आपने तो कमाल कर दिया।"

"आणि तुम्ही काय म्हणालात?" मॅडमनी विचारलं.

"म्हटलं, देवाची कृपा."

"माई, ते हार माझे होते."

"नाव माझं छापलंय."

"काम माझं आहे."

माईंनी विचार केला. "बरं. पेढे तू घे. हार राहू देत."

मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या आणि डबा ओढून घेतला. मलाही दिला. पेढे बरे होते, साखर जरा जास्त.

तेवढ्यात फाटक वाजलं. मी खिडकीतून पाहिलं, सक्सेना सर. हातात हार, तोंडावर उसनं हसू. आता सुट्टीचा अर्ज त्यांना मॅडमकडे द्यायचा होता. शिकत असताना मारायचे तशी त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "सुनंदा जी! हैं क्या?"

दोघी उठल्या.

माईंनी काठी टेकून सुनेकडे पाहिलं.

"बघितलंस? म्हणून बदललं होतं."